खालचं राह्यते काय?

बोअरची गाडी रात्री साडेअकराला शेतात लागली. शेतमालक, चहा घेऊन आलेला पुतण्या, शेजारचे दोघं-तिघं, सगळ्यांची नजर पाइपाच्या तोंडाशी. अशा वेळी बेसवाले भाऊ मोबाइलचा उजेड मशीनवाल्याच्या तोंडावर धरून विचारते झाले, "कोणतं घेऊ सांग बरं, मायक्रो पॉग का ओसी-फाइव्ह?"

मोटारीच्या एचपीबद्दल विचारत असतील असं समजून मशीनवाला म्हणाला, "पाच बस होते."

भाऊंनी ते मत वहीत लिहून घेतलं.

ओळखलंच असेल तुम्ही. कुणाचं हे नुसतं पाहत राहणं ट्रॅक्टरच्या बाबतीत होतं, कुणाचं मुलीच्या स्थळांच्या. भाऊंचं पेडलच्या बाबतीत झालं आहे. वरवट बकालात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि लग्नसराईत ते ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतात. बेसचा आवाज एक सप्तक वर चढवणारी पायाखालची डबी घ्यायचं ठरवून त्यांना चार पोळे झाले. दर पोळ्याला वाक्य तेच: "एवढं एक पाहून घेतो, अन् मंग घेऊनच टाकतो."

वही शंभर पानी. डाव्या पानावर कॉइलचे वेढे आणि तारेचा गेज, उजव्या पानावर पेडलं. दोन्ही खाती कधी कधी एकमेकांत शिरतात. एका शेतकऱ्याला सबमर्सिबलच्या बिलावर 'पॉलिफोनिक' असा शेरा मिळाला होता. त्याने तो दोन दिवस घरात सगळ्यांना दाखवला आणि तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "भाऊ, हे वॉरंटीत येते का?"

वहीतला मजकूर मात्र पक्का असतो, हे नाइलाजाने कबूल करावं लागतं. बेसची सर्वात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. सप्तक चढवायचं म्हणजे तिचे ८२ करायचे. तो साध्या गिटारच्या जाड तारेचा स्वर. १९६७ साली रॉजर मेयर या इंग्रज तंत्रज्ञाने जिमी हेंड्रिक्सला 'ऑक्टेव्हिया' करून दिलं, त्यात लाटेचा खालचा अर्धा भाग उलटा दुमडून वर घेतलेला असतो, म्हणजे एकेका लाटेला दोन उंचवटे येतात. हे वाचून भाऊ दुकानात एकटेच हसले. कारण बॅटरी चार्जरमध्ये ब्रिज लावला की ५० हर्ट्झचे १०० होतात, हे त्यांना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. चार्जर जो घूं करतो तो वरच्या सप्तकातच करतो.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी दोन जुने जर्मेनियम डायोड आणि जुन्या रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर जोडून स्वतःच डबी केली. बाराव्या पडद्यावर सुरेख वाजली. मोकळी जाड तार छेडली तेव्हा हेला ओरडावा तशी ओरडली आणि समोरच्या पानठेल्यावरचे दोघं उठून पाहायला आले.

म्हणून विकतचं. बॉसचं ओसी-टू १९८२ चं, पण ते आवाज फक्त खाली नेतं. २०२० च्या ओसी-फाइव्हला वर नेणारं बटण आलं. डिजिटेकचं व्हॅमी १९८९ पासून पायाने स्वर वर-खाली ओढतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग २००५ चं, ते एकाच वेळी दोन-तीन स्वर घेतले तरी गोंधळत नाही. जी पेडलं आधी स्वर ओळखतात आणि मग चढवतात, त्यांना निदान एक पूर्ण लाट पाहावी लागते. ४१ च्या तारेची एक लाट म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. एवढा उशीर भाऊंना कानाला कळतो. त्याच भाऊंना उन्हाळ्यात जळलेली मोटार परत द्यायला पंधरा दिवस लागतात, हे गावाला कळतं.

आणि मग तो प्रश्न. प्रत्येक पेडल याच प्रश्नावर नापास होतं: "वर चढवलं तं खालचं राह्यते काय?"

प्रश्न रास्त आहे. नुसता चढवलेला आवाज बाहेर सोडला तर बेस उरतच नाही, मूळ आवाज सोबत मिसळावा लागतो. पण मायक्रो पॉगवर त्यासाठी वेगळं बटण आहे, ओसी-फाइव्हवरही आहे. उत्तर 'राह्यते' असंच आहे, तेही वहीत तीनदा लिहिलेलं आहे. तरी भाऊ विचारतात. शेजाऱ्याने घरावर मजला चढवायला घेतला: "खालचं राह्यते काय?" गावचा कार्यकर्ता जिल्हा परिषदेवर निवडून आला: "वर गेला, खालचं राह्यते काय?" शेगावला कचोरीच्या दुकानात परातीतली वरची कचोरी उचलतानाही त्यांनी हेच विचारल्याचं सांगतात, पण ते पोरांनी जोडलं असावं. बोअरवर तर कुणाला हसू येत नाही. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. खाली खोल गेलं की खारं पाणी लागतं. खाली काय उरलं आहे ही चौकशी इथे सगळेच करतात, भाऊ फक्त मोठ्याने करतात.

त्यांना गप्प केलं ते भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांनी. त्यांची पेटी कपलरची. खटका ओढला की एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप दबते. शिवाय आत खर्ज, नर आणि मादी असे सुरांचे तीन संच, एकेका सप्तकाच्या अंतराने. "तू चार वर्सांपासून जे शोधून रायला, ते माह्या आज्याच्या पेटीत होतं लेका," बुवा म्हणाले. भाऊ पूर्ण अभंगभर गप्प बसले. गजर संपल्यावर भात्यापाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "पण भाता ढिला पडला तं खालचं राह्यते काय?"

हे सगळं कशासाठी, ते एकदा पॅडवाल्या पोराच्या तोंडून निघालं. भाऊ त्याला रॉयल ब्लडचा व्हिडिओ दाखवत होते. इंग्लंडची ही जोडी, २०१४ साली पहिला अल्बम, एक ड्रमवाला आणि एक बेसवाला. बेसवालाच आवाज चढवून गिटारची जागा भरतो. पोरगा म्हणाला, "म्हंजे गिटारवाला लागतच नाही?"

भाऊंनी मोबाइल खिशात टाकला.

ऑर्केस्ट्राचा गिटारवाला भाऊंचा आतेभाऊ. दोघं एकाच सायकलवर शेगावला तारा आणायला जायचे. चार पोळ्यांआधी तो चाकणला एका कंपनीत लागला. शिफ्ट, ओव्हरटाइम, खोलीचं भाडं. दिवाळीला येतो. तेव्हापासून गाण्यांमधल्या गिटारच्या जागा गायक तोंडाने 'टॅण टॅण' करून भरतो. बेसच्या अँपला दोन जॅक आहेत. दुसरा भाऊ कुणाला वापरू देत नाहीत, कीबोर्डवाल्यालाही नाही. कार्यक्रमाआधी त्यातली धूळ तेवढी फुंकतात.

गेल्या दिवाळीत आतेभाऊ आला तो पिशवीत मायक्रो पॉग घेऊनच. हप्त्यावर घेतलेलं. "आता माही वाट पाहू नोको," असं काही तो बोलला नाही. खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "घे. खालचं राह्यते याच्यात, मी पाह्यलं वाजवून."

खोकं दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी आहे. प्लास्टिक काढलेलं नाही. तुळशीचं लग्न झालं, सराई लागली, तरी नाही. कुणी विचारलंच तर भाऊ सांगतात की अशा पेडलांना ९ व्होल्ट लागतात, मधली पिन ऋण पाहिजे, उलटं अ‍ॅडॅप्टर लागलं तर डबी जळते. गावातल्या निम्म्या मोटारी ज्यांनी हाताने भरल्या ते हे सांगतात, त्यामुळे कुणी वाद घालत नाही.

वहीचं नवं पान उघडलं आहे. डावीकडे वेढे, उजवीकडे अ‍ॅडॅप्टर. "दोन-तीन पाहून घेतो," भाऊ म्हणतात, "अन् मंग घेऊनच टाकतो."