दीर्घिकेचा आरपीएम : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक दीर्घिका, रेडिओ दुर्बीण आणि भरपूर सबुरी. टॅकोमीटर शॉपमध्येच राहू द्या.

रहाटणीत त्यासाठी गच्चीवर चढू नका. काळेवाडी फाट्याच्या उजेडात चंद्र दिसला तरी मिळवली. नाशिक फाट्यावरून नारायणगावची वाट धरा. चाकणला ट्रॅफिकमध्ये अडकलात तर चिडायचे नाही. सूर्याला आकाशगंगेची एक फेरी मारायला २२-२३ कोटी वर्षे लागतात, तो हॉर्न वाजवत नाही.

पुढे खोडद. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. इथे मोबाइल बंद. तुमचा ‘पोचलो’ हा मेसेज दुर्बिणीला अख्ख्या दीर्घिकेपेक्षा मोठ्याने ऐकू येतो.

आता काम. लेथच्या चकवर खडूची खूण करून फेऱ्या मोजता येतात. दीर्घिका मात्र तुमच्या हयातीत जागची हललेली दिसणार नाही. म्हणून तिच्यातल्या हायड्रोजनला विचारा. तो १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. जी बाजू आपल्याकडे येते तिचा सूर किंचित चढतो, जी लांब जाते तिचा उतरतो. सेकंदाला २२० किलोमीटर वेग असेल तर फरक जेमतेम १ मेगाहर्ट्झ. दीर्घिका कलती निवडा. अगदी समोरून दिसणारी काहीच सांगत नाही.

काठाकडे वेग कमी होईल अशी अपेक्षा असते. होत नाही. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेत हेच पाहिले. मेंटेनन्सला फोन लावू नका, यंत्र ठीक आहे. न दिसणारे वस्तुमान आहे.

खरी कसोटी दूरच्या दीर्घिकांची. त्यांचा प्रकाश पोचायला वेळ लागतो, म्हणून त्या तरुणपणीच्या दिसतात. त्यांचा वायू शिस्तीत फिरतो की नुसता खदखदतो, यावर दीर्घिका कशा घडल्या ते कळते. पण इतक्या लांबून एकेकीचा हायड्रोजन ऐकू येणे महाकठीण. जीएमआरटीवर ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले, तेव्हा २०२० साली तो सापडला. मात्र त्या गलक्यात कोणाची गिरकी केवढी, ते विरून जाते. मग ऑक्सिजन, कार्बनच्या रेषा धरायच्या, दुसऱ्या दुर्बिणींवर.

२०२५ साली पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या चित्रांत ‘अलकनंदा’ दीर्घिका सापडली. विश्व दीड अब्ज वर्षांचे असतानाची, तरी सर्पिल भुजा कशा रेखीव! पण भुजा बघून वहीत ‘फिरते’ असे लिहू नका. आधी वर्णपट आणा.