जगात जर्मनी, दारात मॅक्सिमस

कानावर आलं का तुमच्या? वसमत रोडच्या एका बंगल्यात परवा बारसं झालं. मांडव, फुगे, फाटकावर फ्लेक्स, जेवणाला केटरर. उत्सवमूर्ती दोन महिन्यांची, चार पायांची, जर्मन शेफर्ड! आत्याबाई कानात 'कुर्र' करायला वाकल्या, तर उत्सवमूर्तीनं त्यांच्या कानातला झुबा धरला म्हणे. नाव ठेवलं मॅक्सिमस. आजींची जीभ काही तेवढी वळेना, त्या पहिल्याच दिवसापासून 'मक्या' म्हणतात. आणि ते जनावर मक्या म्हटल्यावरच मान वळवतं, हे घरचे बाहेर सांगत नाहीत. आम्हाला कसं कळलं ते विचारू नका.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण लोकांनी ते एवढं मनावर घ्यावं? आता जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत कुठं ना कुठं जर्मनी साखळीला बांधलेली दिसते. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की ती कूलरपुढं जीभ काढून पडलेली असते. पण तिच्या हालांवर पुन्हा कधी तरी बोलू, आज नुसतं नाव.

पूर्वी ह्या बाबतीत डोकंच लावावं लागत नव्हतं. काळं असलं तर काळ्या, गुणी निघालं तर मोत्या, रुबाबदार दिसलं तर वाघ्या, आणि घर जरा साहेबी असलं तर टॉमी. आता सगळीकडं ब्रूनो, रॉकी, सिंबा, लिओ. कुत्र्यांच्या दवाखान्यात जाऊन बसा एकदा. कंपाउंडर केसपेपर हातात घेऊन विचारतो, "ब्रूनो कुणाचा?" तर बाकावरचे तिघे एकदम उठतात. मग ब्रूनो देशमुख आधी, ब्रूनो कुलकर्णी नंतर, असा निवाडा होतो. माय माय! कुत्र्यांना आडनावं लागली आणि कुणाला काही वाटतसुद्धा नाही!

एका वस्तादानं तर थेट हिटलर ठेवलंय. फाटकावर पाटी: 'हिटलरपासून सावध राहा'. कुरिअरवाला पार्सल कंपाउंडवरून आत फेकतो आणि पळतो. हिटलर स्वतः दिवाळीचे चारही दिवस पलंगाखाली असतो. बरं, खऱ्या हिटलरची आवडती कुत्री शेफर्डच होती, तिचं नाव काय होतं ठाऊक आहे? ब्लाँडी. एवढा मोठा हुकूमशहा, पण कुत्रीचं नाव ठेवताना त्यानंसुद्धा नरमाईनं घेतलं होतं.

आणि आपणच नावासाठी वेडे झालोय असं समजू नका. ह्या जातीचा पहिला नोंदलेला कुत्रा जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं हेक्टर लिंक्सऱ्हाइन. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या माजी घोडदळ अधिकाऱ्यानं एका प्रदर्शनात तो पाहिला, तिथंच विकत घेतला, आणि सासरी आलेल्या नवरीसारखं त्याचं नाव बदलून टाकलं. नवं नाव होरांड फॉन ग्राफ्राथ. म्हणजे आपल्या हिशेबानं होरांड ग्राफ्राथकर. शेजारी एखादे जिंतूरकर, गंगाखेडकर राहत असल्यासारखंच. त्याच वर्षी श्टेफानित्सनं जर्मन शेफर्डांचा संघ काढला आणि होरांड वहीत पहिल्या नंबरावर बसला.

तिकडं अजूनही एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. पहिलं वेत अ वरून, पुढचं ब वरून. गुरुजींकडं जाऊन पिल्लाचं आद्याक्षर काढून आणणाऱ्या काकूंना आपण हसतो, आणि तिकडं तर हे छापील नियमानं चालतं!

ह्या जातीच्या नावाचाही एकदा तमाशा झालाय. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्दच कानाला सहन होईना. त्यांनी कुत्रा ठेवला, नाव तेवढं बदललं: अल्सेशियन. आपले आजोबा अल्सेशियन म्हणायचे ते त्यामुळंच. मूळ नाव परत यायला ब्रिटनमध्ये १९७७ साल उजाडलं. तोवर हा बिचारा दोन नावांनी भुंकत होता.

आता दुसरी बाजू ऐका. गलवानच्या धुमश्चक्रीनंतर भारत-तिबेट सीमा पोलिस दलानं बेल्जियन मॅलिनॉय जातीच्या १७ पिल्लांना लडाखमधल्या ठिकाणांची नावं दिली. गलवान, श्योक, रेझांग अशी. विलायती नावं पुरे, आपल्या मातीतली ठेवू, हा विचार. चांगलाच आहे. पण तो आपल्या गल्लीत पोचला ना! एका उत्साही तरुणानं पिल्लाचं नाव 'पालम' ठेवलं. आठवड्यात घरी पालमचेच पाव्हणे आले, सोयरिकीचं बोलायला. ह्यानं दारातून हाक मारली, "पालम, गप बस!" पाव्हणे चहा न घेताच उठले. दुसऱ्या कुणाच्या मनात कुत्रीचं नाव 'पूर्णा' ठेवायचं होतं. घरातल्या म्हातारीनं काठीच उगारली. नदीचं नाव जनावराला? कामून बाबा, तुला दुसरं काही सुचेना?

आणि ज्यांचं पोट खरोखर मेंढरांवर चालतं ते काय करतात? सुगी आटोपली की धनगराचं खिल्लार वावरात बसायला येतं, तेव्हा जाऊन बघा. रात्री लांडग्यावर नजर ठेवणारं ते हडकुळं, कान फाटलेलं कुत्रं. त्याला ना बारसं, ना पट्टा, ना कागद. धनी पटक्याखालून नुसतं "काळ्याऽऽ" म्हणतो आणि ते तीन वावरांपलीकडून धुरळा उडवत येतं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांची तऱ्हाही हीच. बॉर्डर कॉलीचा मूळपुरुष मानला जाणारा कुत्रा १८९३ साली जन्मला, त्याचं नाव हेम्प. बाकीच्यांची नावं कॅप, मॉस, मेग, नेल. वारं सुटलेलं असताना डोंगराच्या पलीकडं जाईल एवढंच नाव. तिथं 'मॅक्सिमस' म्हणून होईपर्यंत मेंढरं दुसऱ्याच्या शेतात गेलेली असतात.

आमचं म्हणणं विचाराल तर चूक इंग्रजी नावाची नाही आणि मराठी नावाचीही नाही. थोरल्या शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या. त्याला पालखीचा मान होता असं सांगतात, माहुलीला समाधी आहे. नाव केवढं? दोन अक्षरांचं. मान कुत्र्याला मिळाला, नावानं काही मिळवून दिला नाही. आमच्याकडं मात्र नाव कुत्र्यासाठी ठेवतच नाहीत हो, समोरच्या बंगल्यासाठी ठेवतात. त्यांच्याकडं लिओ आला की ह्यांच्याकडं झ्यूस आलाच पाहिजे.

तेव्हा बाई, पिल्लू आणणार असाल तर एवढं करा. संध्याकाळी गच्चीवर जा आणि ठरवलेल्या नावानं तीनदा मोठ्यानं हाक मारा. गल्लीतलं एखादं पोरगं "काय काकू?" म्हणत आलं तर ते नाव सोडा, सोनू, मोनू, आर्यन तर लांबच ठेवा. 'रोको' नकोच, 'नको' म्हणून रागावलात तर ते लाडानं जवळ येईल. आणि लांबलचक नावाची हौस असेल तर ते केनेल क्लबच्या कागदावर खुशाल लिहा, हाकेला मात्र दोन अक्षरी ठेवा.