रकान्याची मर्जी

एक्सेलमध्ये रकाना अरुंद पडला की रक्कम अदृश्य होते आणि तिथे ##### उगवते. आकडा शाबूत असतो, रकान्याच्या कडेवर दोनदा क्लिक केले की हजर. पण क्लिक करायचे कोणी? त्यापेक्षा ‘फाइल करप्ट आहे’ असा शेरा मारून ती परत पाठवणे सोपे.

मजकुराची तऱ्हा वेगळी. शेजारची चौकट रिकामी असली की हा बिनदिक्कत तिथे हातपाय पसरतो. शेजारी कोणी आले की मुकाट्याने कापला जातो; मग ‘रॅप टेक्स्ट’ शोधत बसा.

खरी भीती आकडे दिसतात तेव्हाची. 12 अंकी आधार क्रमांक ‘ई+11’ची शेपटी लावून येतो, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात आणि 16 अंकी कार्डाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण पंधराच्या पुढचे अंक एक्सेल ठेवतच नाही. ‘मार्च1’ नावाच्या जनुकाची तर हे महाशय तारीख करून टाकत. शेवटी 2020 मध्ये अशा जनुकांचीच नावे बदलण्यात आली! असले रूपांतर बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये यायला 2023 उजाडले.

तेव्हा क्रमांक भरण्याआधीच रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलात तर गेलेले अंक परत येत नाहीत.