फोडणीचा वास आणि हरणाचं नाक

आमचे विस्कॉन्सिनमधले शेजारी जन्मभर दुधाचा धंदा करून आता निवृत्त झाले आहेत. गायी विकल्या, गोठा रिकामा झाला, आणि रिकाम्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी शेताच्या कडेला, ओकच्या झाडीला लागून, हरणांच्या शिकारीसाठी एक खोपी बांधायला घेतली. ती बांधून झाली असं त्यांनी अजून एकदाही म्हटलेलं नाही. इकडे अशा खोपीला 'डिअर ब्लाइंड' म्हणतात. दुकानात तयारही मिळते. कापडी, छत्रीसारखी फटकन उघडणारी मिळते, नाहीतर फायबरची, पाण्याच्या टाकीला खिडक्या पाडाव्यात तशी. शेजाऱ्यांना दोन्ही मंजूर नाहीत. विकतच्या खोपीत बसून मारलेलं हरीण त्यांच्या मते अर्धंच आपलं असतं.

सामान सगळं घरचं. भिंतींना पशुखाद्याच्या पोत्यांखाली येणाऱ्या लाकडी पॅलेटच्या फळ्या, वर प्लायवूड. खिडक्या स्वयंपाकघराचं नूतनीकरण झालं तेव्हा निघालेल्या. छपराला पत्रा नाही, कारण पत्र्यावर एक ओकफळ पडलं तरी आतल्या माणसाचं काळीज हलतं, मग हरणाची काय कथा. जमिनीवर लेकीच्या खोलीतला जुना गालिचा, फिकट गुलाबी. ती लग्न होऊन मिनेसोटात गेली, तिचा गालिचा रानात गेला. बुटांचा आवाज दाबायला गालिच्यासारखं दुसरं काही नाही, असं शेजारी गांभीर्याने सांगतात, आणि त्या गुलाबी रंगावर कोणी हसलं तर त्यांना खपत नाही.

खिडकीची उंची ठरवायला त्यांनी अर्धा दिवस घातला. नुसत्या शर्टावर बसून माप घेतलं तर नोव्हेंबरात जाड कोट चढवल्यावर कोपर चौकटीला नीट टेकत नाही. म्हणून भर ऑगस्टात, घामाने निथळत, अंगात हिवाळी कोट घालून ते खुर्चीवर बसले, हातात बंदुकीच्या जागी केरसुणीचा दांडा धरला, आणि मला पेन्सिलीने फळीवर खुणा करायला लावल्या. बिजागऱ्या लोखंडाच्या नाहीत. थंडीत लोखंड कुरकुरतं. त्यांनी जुन्या कंबरपट्ट्यांचं चामडं कापून पट्ट्या ठोकल्या. झडप उघडते ती अगदी मुकाट्याने, खालच्या अंगाला एक रबराचा तुकडा आहे त्यावर टेकते. या चामड्याच्या बिजागऱ्या मला फार आवडल्या. जन्मभर गायींच्या गळ्यातले पट्टे, धारा काढण्याच्या यंत्राच्या नळ्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हात त्यात दिसतो.

आतून भिंती काळ्या रंगवलेल्या. दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकदम उघडायच्या नाहीत, हा नियम. उघडल्या तर मागच्या उजेडावर बसलेल्याची आकृती कापून काढल्यासारखी दिसते. आणि खोपी उन्हाळ्यातच उभी राहायला हवी. कालपर्यंत नव्हतं ते आज शेताच्या कडेला उभं आहे, हे हरणांच्या लगेच लक्षात येतं. चार-दोन आठवडे ती लांबून वळसा घेतात, मग जवळ येतात, खांब हुंगतात, आणि सप्टेंबरपर्यंत खोपीच्या सावलीत चरू लागतात. सवय झाली म्हणजे माणसाने बांधलेलंही झाडच.

यवतमाळ जिल्ह्यात आमचे काका तुरीच्या वावरात मचाण बांधून जागलीला जायचे. चार बल्ल्या, वर बांबूची ताटी, पराट्यांचा आडोसा, आणि हाताशी टिनाचा डबा. रोही आणि रानडुकरं रात्रीत उभं पीक झोपवतात, म्हणून रात्रभर डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या, बॅटरीचा झोत फिरवायचा. लपण्याचा प्रश्नच नव्हता. उलट मी इथे आहे हे जितकं दूरवर कळेल तितकं बरं. काकांना मी व्हिडिओवर शेजाऱ्यांची खोपी दाखवली. गालिचा, खिडक्या, फिरती खुर्ची, सगळं. काकांनी शांतपणे पाहून घेतलं आणि विचारलं, "एवढं बांधलं ते काहासाठी?" हरणं यावीत म्हणून, मी म्हटलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या वावरातले रोही घेऊन जा म्हना त्याले."

खोपीत बसायचं मला आमंत्रण मिळालं ते बंदुकीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी. विस्कॉन्सिनमध्ये हा हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि पुढच्या रविवारी संपतो. मी शिकारी नाही. मटण खातो, पण खाटकाकडून आलेलं, म्हणजे पापाचा मधला टप्पा दुसऱ्याच्या नावावर टाकून. नुसतं बसायचं होतं म्हणून गेलो. शेजाऱ्यांनी दारातच मला थांबवलं, माझ्या जाकिटाची बाही नाकाशी धरली आणि म्हणाले, "छान वास आहे. हे घालून येऊ नकोस."

थंड देशातल्या प्रत्येक मराठी घराला हे दुःख ठाऊक आहे. फोडणी करायच्या आधी जाकिटं कपाटात कोंबायची, झोपायच्या खोल्यांची दारं लावायची, पंखा पूर्ण वेगाने सोडायचा. तरी मोहरी तडतडली, हिंग पडला की तो वास दाराखालच्या फटीतून जातो आणि लोकरीत मुक्काम करतो. ऑफिसात लिफ्टमध्ये आपण शिरायच्या आत आपली आमटी शिरलेली असते. माणसांचं ठीक आहे, माणसं सभ्यपणे काही बोलत नाहीत. हरीण इतकं सभ्य नाही. ते जिभेने नाक सतत ओलं ठेवतं, ओल्या नाकावर वास चिकटतो, आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर एकदा अविश्वास दाखवील, पण नाकाने सांगितलेल्यावर कधीच नाही.

त्या वासाचा बंदोबस्त म्हणजे शेजाऱ्यांचं खरं शास्त्र. कपडे खायच्या सोड्यात धुतलेले, बिनवासाचे, पाइनच्या डहाळ्या घालून डब्यात बंद. खिशात पावडरची छोटी बाटली. ती दाबली की पांढरा ढग निघतो आणि वारा कुठे जातोय ते दाखवतो. वारा म्हणजे तरी काय, पान हलत नसलं तरी हवा चालू असते. सकाळी ऊन चढलं की तापलेली हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन पुन्हा खाली ओहोळाकडे उतरते. त्यामुळे सकाळी जी जागा बरोबर, ती संध्याकाळी चूक. इतकं सगळं करून एक खोपी चार पायांवर एकाच जागी गाडून ठेवायची, हा विरोधाभास मी त्यांच्या कानावर घातला. त्यांनी पावडरची बाटली माझ्या दिशेने एकदा दाबली. मला वाटतं ते उत्तर होतं.

शेवटी मला त्यांचा गोठ्यातला जुना डगला मिळाला. त्याला शेण, डिझेल आणि सायलेज यांचा वास होता. मुरघास केलेल्या मक्याला जो आंबूस वास येतो तो. शेजाऱ्यांच्या मते त्याची काही हरकत नव्हती, कारण इथली हरणं पिढ्यान् पिढ्या गायींच्या शेजारी वाढली आहेत. म्हणजे दरवळ असायला हरकत नाही, फक्त तो गावातला असावा. हा नियम मला एकूणच परिचयाचा वाटला.

डगल्यावर मात्र भडक नारिंगी बंडी हवी. कायदाच आहे. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी झगझगीत नारिंगी पाहिजे, आणि २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. साडेपाच-सहा लाख माणसं बंदुका घेऊन एकाच सकाळी रानात शिरतात, तेव्हा ती एकमेकांना दिसणं सगळ्यात महत्त्वाचं. सरकारी जमिनीवर आडोशाला बसायचं तर त्या आडोशालाही चहूबाजूंनी दिसेल असा १४४ चौरस इंच नारिंगी तुकडा लावावा लागतो. आधी महिनोन्महिने खपून स्वतःला लपवायचं आणि मग वर झेंडा लावायचा. जागा स्वतःची असूनही शेजारी तो लावतात. पहाटे पेट्रोल पंपावर कॉफीच्या रांगेत नखशिखांत नारिंगी माणसांची जी गर्दी उसळते, ती पाहून कुणाही मराठी माणसाला वाटावं, पालखी आत्ताच इथे मुक्कामाला आली.

आणि गंमत अशी की हरणाला तो नारिंगी रंग दिसतच नाही. म्हणजे दिसतो, पण मळकट, आसपासच्या वाळल्या गवतासारखा. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, त्याच्या डोळ्यांत दोनच. लाल-नारिंगीकडची बाजू त्याला जवळजवळ बंद. निळं मात्र त्याला आपल्यापेक्षा लख्ख दिसतं, अतिनील किरणांपर्यंत. त्यामुळे शुभ्रतेची हमी देणाऱ्या साबणपावडरीत जे चमक आणणारं रसायन असतं, त्यात धुतलेला हिरवा-तपकिरी नक्षीचा महागडा शिकारी शर्ट पहाटेच्या अंधुक उजेडात त्याला उजळून दिसू शकतो. आपण झाडासारखं दिसावं म्हणून पैसे मोजतो, आणि झाडासारखे दिसतो ते एकमेकांना. हरणाच्या लेखी निळी जीन्स घातलेला माणूस बोंबलत येतो, नारिंगी बंडीतला गुपचूप बसतो, आणि हिंग लागलेला तर कालच येऊन गेलेला असतो.

याच राज्यात बाराबूजवळ आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये एक ओसाड, झिजलेली शेतजमीन घेतली. वन्यजीव-व्यवस्थापनाचे प्राध्यापक, पण स्वतः पक्के शिकारी. जमिनीवर धड उभं असं एकच बांधकाम होतं, कोंबड्यांचं खुराडं. त्यातली शिटाड उपसून त्यांनी कुटुंबासाठी त्याची झोपडी केली. पहाटे बाहेर बाकावर बसून कुठला पक्षी किती वाजता बोलला याच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यातून निघालेलं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये आलं. निसर्गरक्षणाच्या कोर्सात ते आजही वाचतात. शेजाऱ्यांनी ते वाचलेलं नाही, पण खुराड्याची हकिगत त्यांना ठाऊक आहे, आणि गालिचा-खिडक्यांवरून कोणी टोमणा मारलाच तर ते लिओपोल्डांना साक्षीला काढतात.

शनिवारी पहाटे आम्ही खोपीत बसलो. एक घडीची खुर्ची माझी, फिरती खुर्ची त्यांची. ही खुर्ची कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून आलेली, आणि खोपीतली एकमेव चैन. मान वळवण्याऐवजी सगळं अंगच वळतं, गुडघ्यांना बरं पडतं. उजाडलं तसे झाडीच्या कडेचे काळे ठिपके हळूहळू झुडपं झाले. त्यातल्या एका झुडपाला कान फुटले.

मादी होती. तिचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरत होते, एक आमच्याकडे, एक रस्त्याकडे. दोन पावलं पुढे आली आणि थांबली. मग तिने जे केलं ते पाहण्यासारखं होतं. चरायला मान खाली घातली आणि मध्येच झटकन वर केली. गवत खाल्लंच नाही. पुन्हा खाली, पुन्हा झटकन वर. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिता लिहिता एकदम वळणाऱ्या मास्तरांची ही युक्ती. आम्ही दोघंही शाळेत जे शिकलो ते कामी आणलं, म्हणजे श्वास रोखून धरला. तिने पुढचा पाय उचलला, जमिनीवर आपटला. शेजाऱ्यांनी बंदूक उचलली नव्हती, तिच्या छातीवर झुडूप आडवं येत होतं. जरा मोकळा कोन मिळावा म्हणून ते खुर्चीतल्या खुर्चीत बोटभर वळले.

खुर्ची कुरकुरली.

नाकातून फर्रकन आवाज काढत ती उधळली, पांढरी शेपटी निशाणासारखी वर. शेजारी बराच वेळ त्या दिशेने पाहत राहिले. बिजागऱ्यांना चामडं लावणाऱ्या माणसाला खुर्चीने दगा द्यावा हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. तेल घालायला हवं, मी कुजबुजलो. तेलाला वास असतो, ते म्हणाले. मग काही वेळाने, "तुमच्याकडे कुठलं तेल बिनवासाचं असतं?" मी आमच्या मांडणीवरची तेलं आठवून पाहिली. शेंगदाणा, तीळ, मोहरी, खोबरेल. एकही नाव घेण्यासारखं नव्हतं.

पुढे रविवारी, मी नसताना, त्यांना एक नर मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारदरबारी नोंद करावी लागते, ती त्यांनी केली. २००२ पासून या राज्यातल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग सापडतो, म्हणून तपासणीसाठी डोकंही नेऊन दिलं. अहवाल येईपर्यंत ते मांस खायचं नाही हा त्यांचा दंडक, म्हणून आम्हाला भेट आलं ते गेल्या वर्षीचं, फ्रीजरमधलं पाकीट. बायको शाकाहारी, तिने फ्रीजरमध्ये मला वेगळा कोपरा आखून दिला आणि खिडकी उघडून ठेवायच्या अटीवर चूल दिली. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, ते कोरडं शिजवलं तर चामट होतं. मी ते नागपुरी सावजी पद्धतीने केलं. खसखस, सुकं खोबरं, काळा मसाला, आणि वर तर्री.

शेजारी हंगामाच्या शेवटच्या शनिवारी जेवायला आले. पहिल्या घासाला खोकले, दुसऱ्याला डोळे पुसले, आणि मग कोट काढून ठेवून नीट मांडी ठोकल्यासारखे बसले. ताटात पुन्हा वाढून घेतलं. निघताना त्यांनी आपल्याच शर्टाची बाही नाकाशी धरली, आणि उद्याचा शेवटचा दिवस गेला, असं जाहीर केलं. चेहऱ्यावर फारसं दुःख दिसलं नाही.

रविवारी ते खोपीकडे गेले ते हातोडी घेऊन. फिरती खुर्ची बाहेर काढली आणि खिडकीखाली एक आडवी फळी ठोकली. कशासाठी म्हणून मी विचारलं. बंदुकीचा हंगाम संपल्यावर तिथे नुसतं बसायला कोणाची हरकत नसावी, ते म्हणाले, आणि डबा ठेवायला जागा नव्हती.