बोंडावर बसण्याची सोपी पद्धत (मोबाईलसह)

काशीला येऊन मल्लखांब शिकू पाहणाऱ्या नवशिक्या मराठी माणसाने तीन गोष्टी बरोबर आणाव्यात: लंगोट, एरंडेल तेल आणि मोबाईल धरून उभा राहील असा एक भाचा. ट्रायपॉड आणू नये. इथल्या माकडांना ट्रायपॉड फार आवडतो.

मल्लखांब शिकायला काशीच कशाला, दादरचं शिवाजी पार्क काय वाईट आहे, असं कोणी विचारलं तर इतिहास पुढे करावा. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभ आहे, पण आजचा मल्लखांब पुन्हा उभा केला तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. सप्तशृंगीच्या डोंगरात माकडांच्या उड्या पाहून ते हे शिकले, अशी आख्यायिका आहे. पुढे ते आणि त्यांचे शिष्य कोंडभट गोडबोले काशीत आले, आखाडा काढला, असं जुने मल्लखांबवाले सांगतात. पेशवाई 1818 मध्ये बुडाली आणि बाजीरावाचा भाऊ चिमाजी अप्पा काशीला येऊन राहिला. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मनू ही पुढे झाशीची राणी. इथल्या भदैनी भागात तिचं जन्मस्थान दाखवतात. एवढं सांगेपर्यंत समोरचा चहा मागवतो आणि प्रश्न मिटतो.

आता खांब. अंग, मान आणि सगळ्यात वर बोंड. हातांनी खांब धरा, कंबर वर फेका, डोकं खाली जाऊ द्या आणि खांब मांड्यांच्या कवेत घ्या. ही साधी अढी. मग हात वर नेऊन धड उचला, पुन्हा अढी घाला, असं करत बोंडावर जाऊन बसा. हे लिहायला मला दोन मिनिटं लागली. बाकीचं अजून चालू आहे.

भाच्याला खांबाच्या बाजूला, पाच-सहा पावलांवर उभा करा. समोरून घेतलेल्या चित्रणात खांब मधे येतो आणि चुका झाकतो. ते घरच्या ग्रुपवर टाकायला उत्तम, शिकायला निरुपयोगी. मोबाईल कमरेच्या उंचीवर हवा, कारण मल्लखांबातले बहुतेक गुन्हे कमरेत घडतात.

चित्रण पहिल्यांदा पाहाल तेव्हा फक्त पोट दिसेल. ते होऊ द्यावं. दुसऱ्यांदा वेग कमी करून पाहा आणि एकच गोष्ट शोधा. मी शपथेवर सांगत होतो की माझे पाय तेलावरून घसरतात. चित्रणात निघालं वेगळंच: पाय वर पोचायच्या आधीच मी ते पोचले का हे बघायला डोकं उचलत होतो, त्यासरशी कंबर खांबापासून सुटत होती, आणि बिचारे पाय सगळ्यात शेवटी निसटत होते. पडण्याचं कारण पडण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेलं असतं. पण ते तिथल्या तिथे, मांड्या हुळहुळत असताना पाहावं. रात्री धर्मशाळेत पाहिलं तर ती निव्वळ करमणूक.

मोबाईलला मांडीची पकड मात्र दिसत नाही. खांब धरलाय की नुसता टेकवलाय, दोन्ही पडद्यावर सारखंच. त्यासाठी आखाड्यातले उस्ताद. ते मांडीवर दोन बोटं दाबतात आणि म्हणतात, “ईहां.” त्या एका शब्दाइतकं नेमकं चित्रण अजून कुठल्या मोबाईलमध्ये निघालेलं नाही.

शिवाय प्रेक्षक असतातच. बनारसमध्ये ‘का गुरू’ म्हणून हाक आली तर हुरळून जाऊ नये. पानवाला गुरू, नावाडी गुरू; रस्त्यातला सांड सोडला तर जवळजवळ सगळेच इथे गुरू असतात. तोंडात पान असल्यामुळे त्यांच्या सूचना कळत नाहीत, हा नवशिक्याला मोठाच आधार आहे.

तिसऱ्या आठवड्यात मी खांबावर उलटा लटकलेला असताना एक माकड भिंतीवरून उतरलं, तेलाची बाटली उचलली आणि मागच्या कडुनिंबावर चढलं. मी ओरडलो. भाचा चित्रण करतच राहिला. उस्तादांनी मोबाईल मागून घेतला, वेग कमी केला आणि सगळ्या पोरांना जवळ बोलावलं. पहिल्या उडीपासून शेंड्यापर्यंत त्या माकडाची कंबर खोडापासून एकदाही सुटलेली नव्हती.

“फिर से,” उस्ताद म्हणाले. आम्ही ते सहा वेळा पाहिलं. बाटली मिळाली नाही.