पाच पानी साइट, तीन हजार फक्त

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात भाव ठरवणं ही लोककलाच आहे. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी बराकींत संसार थाटले, आणि पुढे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद देशभर फिरला. त्यात हसण्यापलीकडे एक धंद्याचं शहाणपण आहे : कापडाचा भाव वेगळा, लेबलचा वेगळा. बदलापूरच्या बाजूला बिल्डर वर्षानुवर्षं जिना, लिफ्ट आणि लॉबीतली हवासुद्धा फ्लॅटच्या क्षेत्रफळावर ‘लोडिंग’ लावून विकत आले. शेअर रिक्षावाला चौथी सीट भरल्याशिवाय गिअर टाकत नाही, मग तीन बसलेल्यांची लोकल सुटली तरी बेहत्तर. या मातीत वाढलेला पोरगा वेब डिझायनिंगचा कोर्स करून घरी बसतो, पहिलं गिऱ्हाईक भाव विचारतं, आणि हा म्हणतो, “दादा, तुम्हीच सांगा.”

दादा सांगतात. पाच पानांची साइट, तीन हजार, डोमेन-होस्टिंग त्यातच. आकडा कुठून आला हे दादांनाही विचारू नये. बहुधा दुकानाच्या फ्लेक्सच्या बिलावरून आला असावा. डोमेन आणि वर्षभराच्या साध्या होस्टिंगला दोनेक हजार धरले तर हाती उरतात हजार. आता तास मोजू. मांडणी, मजकूर, मोबाइलवर नीट दिसावं म्हणून केलेली खटपट, लोगोची मूळ फाइल मिळावी म्हणून धाडलेले व्हॉट्सअ‍ॅप (येतो तो व्हिजिटिंग कार्डाचा तिरका फोटो) आणि “जरा भडक करा”, “नको, आधीचंच बरं होतं” या फेऱ्या मिळून चाळीस तास धरू. म्हणजे ताशी २५ रुपये. मुंबई महानगरात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान मीटरभाडं २६ रुपये आहे आणि ते दीड किलोमीटरचं आहे. आपला डिझायनर तासभर राबून रिक्षात बसला, तर उतरताना एक रुपया देणं लागतो. सुदैवाने आपल्याकडे मीटर फारसा पडत नाही.

तरीही तो जगतो कसा? स्वस्ताईचं खरं गुपित इथे आहे. खोलीचं भाडं बाबा भरतात, वीजबिल बाबा भरतात, जेवण आई वाढते, लॅपटॉप ताईच्या पगाराच्या हप्त्यावर आलेला असतो. म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एखाद्या भरल्या दुकानाच्या वेबसाइटला बदलापूरच्या वन बीएचकेमधलं एक पगारदार कुटुंब अनुदान देत असतं, आणि या योजनेचा लाभार्थी आपण आहोत हे दुकानदाराच्या गावीही नसतं. न मोजलेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या दारात वाहून जातो, हे या भागाला शिकवायला नको. उल्हासनगरची जीन्स स्वस्त होती तेव्हा तिच्या धुलाईचं रंगीत पाणी वालधुनीत जात होतं. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून येणारी ही नदी. तिचं बिल कुठल्याच पॅन्टच्या किमतीत धरलेलं नव्हतं. पुढे धुलाईच्या कारखान्यांना टाळी लागली तेव्हा भाव खरा किती होता ते कळलं. डिझायनरच्या बाबतीत वालधुनीच्या जागी आईचं स्वयंपाकघर आहे, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : नवशिक्याने स्वस्तातच सुरुवात करायची असते. मान्य, पण स्वस्त काय करायचं? जीन्सच्या जॉबवर्कमध्ये नवा कारागीर कमी पीस काढतो, म्हणून त्याच्या हातात कमी पैसे येतात; कमी पैशांत तो दोन पॅन्टी शिवून देत नाही. डिझायनरने जॉबवर्कमधून पीसचा दर तेवढा उचलला, बाकीचा हिशेब शिलाईच्या टेबलावरच राहिला. महिन्याचे दोनशे कामाचे तास धरा. त्यातले निम्मे गिऱ्हाईक शोधण्यात, कोटेशन देण्यात आणि “पैसे कधी?” विचारण्यात जातात. उरले शंभर. घरात पंचवीस हजार द्यायचे आणि इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज यांना पाच हजार, तर तासाला तीनशे पडतात. चाळीस तासांचे बारा हजार, वर डोमेन-होस्टिंगचे दोन. साइट चौदा हजारांना. चौदा परवडत नसतील तर एका पानाची द्यावी, बारा तासांची, पाच हजार सहाशेंत. काम कमी करावं, तासाचा दर नव्हे. कारण पहिला भाव गिऱ्हाईक कधी विसरत नाही; ते शेजारच्या दुकानदाराला सांगतं आणि त्या गल्लीत तुमचा दर पिढीजात होतो.

दुसरा आक्षेप जरा जड आहे. तयार टेम्प्लेटं फुकट आहेत, एआय मिनिटांत साइट उभी करतं, आणि फायव्हरसारख्या बाजाराने तर २०१० साली पाच डॉलरच्या कामांपासूनच सुरुवात केली. मग बदलापूरच्या पोराला चौदा हजार कोण देणार? यंत्रामुळे काही तास खरोखर वाचतात आणि तेवढी किंमत उतरली पाहिजे, हे मी नाकारत नाही. पण चाळीस तासांचा जमाखर्च पुन्हा पाहा. त्यात पानं रंगवण्याचे तास थोडे. जास्त तास दुकानदाराला नेमकं काय विकायचंय हे त्याच्याकडून काढून घेण्याचे आहेत. फर्निचर बाजारातल्या शेठना “सगळंच दाखवा” पासून “हे तीन सोफे आधी दाखवा” पर्यंत आणणं अजून कुठल्या यंत्राला जमलेलं दिसत नाही. आणि पाच डॉलरवाला रात्री अकराला फोन उचलत नाही. तुम्ही उचलता, शिवाय “सांगा ना काका” म्हणता. ही सेवा कोटेशनमध्ये कुठल्या ओळीत लिहिलीत?

राहिला वसुलीचा मुद्दा, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. निम्मे पैसे आगाऊ मागितले की “विश्वास नाही का?” असं विचारणारा शेठ स्वतःच्या दुकानात ‘उधारी बंद’ची पाटी लावून बसलेला असतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून ठेवली तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एवढं सगळं पाठ करून डिझायनर दुकानात जातो. शेठ शांतपणे ऐकून घेतो, चहा मागवतो आणि म्हणतो, “दिवाळीनंतर बघू.” कुठल्या दिवाळीनंतर, हे विचारायचं याला चहा संपल्यावर सुचतं.