एकखांबी तंबू

मला वस्तू निवडता येतात, असा माझा समज आहे. घरच्यांचा नाही. महाद्वार रोडला साडी घ्यायला गेले की गादीवर चाळीस साड्यांचा ढीग करायचा आणि शेवटी पहिली दाखवलेलीच घेऊन यायची, ही माझी पद्धत. उरलेल्या एकोणचाळीस बघितल्याशिवाय पहिलीच बरी होती हे कळणार कसं? जावई इंजिनिअर असल्यामुळे ढीग करत नाही. तो तक्ता करतो.

मी डेन्व्हरला लेकीकडे गेले तेव्हा हा तक्ता तीन महिन्यांचा झाला होता. नोव्हेंबरात जावयाला एल्कच्या शिकारीला जायचं होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा खात्यापित्या घरातला चुलतभाऊ, मोठा नर तीनशे किलोच्या पुढे. कोलोराडोत ते अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहेत, आणि तरी ते दिसत नाहीत, असं दर वर्षी रिकाम्या हाताने परतणारे शिकारी सांगतात. जावई दोन वर्षं सांगत होता. त्याच्या मते दोष नेमाचा नव्हता, तंबूचा होता. थंडीने झोप झाली नाही की पहाटे उठवत नाही, आणि एल्क तर पहाटेच चरतो.

तक्त्यात डावीकडे कॅनव्हासचा तंबू होता. उभ्या भिंती, लोखंडी सांगाडा, आत पहाटेपर्यंत निखारा धरून ठेवणारी दणकट शेगडी. असा तंबू शेजारच्या म्हाताऱ्याकडे होताच. त्याला मी पाटील म्हणते. डोक्यावरची टोपी कधी निघत नाही, दारात पिकअप उभी, आणि दिवसाला बोलणं सात-आठ शब्द. पाटलांचं मत होतं, तंबू म्हणजे कॅनव्हास. पण त्यांच्या तंबूचं शेगडीसकट वजन एका धडधाकट माणसाएवढं, त्यामुळे तो पिकअप जाईल तिथपर्यंतच जातो. ‘‘आई, पिकअप जाते तिथपर्यंत सगळेच शिकारी जातात,’’ जावई म्हणाला, ‘‘आणि हे एल्कलाही ठाऊक असतं.’’

म्हणून उजवीकडे टिपी. मधोमध एकच खांब, भोवती घेरदार कापड, कडेने खुंट्या. सिलिकॉन लावलेलं पातळ नायलॉन, खांबखुंट्यांसकट अडीच किलो. आत टायटॅनियमच्या पत्र्याची घडीची शेगडी, धुराड्यासकट सव्वा किलो. दोन्ही मिळून पावणेचार, म्हणजे दिवाळीत आम्ही लेकीला पाठवतो तो चकल्यांचा डबा. तंबूच्या कापडात एका जागी न जळणाऱ्या जाड कापडाचं ठिगळ असतं. त्याला भोक पाडून धुराडं बाहेर काढायचं.

‘‘आणि खाली काय अंथरलेलं असतं?’’

‘‘काही नाही. टिपीला तळ नसतो.’’

पैसे मोजून बिनतळाचं भांडं आणणारा माणूस माझ्या लेकीने स्वतः निवडला होता, म्हणून मी गप्प बसले. तळ नसतो हे सोयीचंच असतं म्हणे. बर्फाचे बूट घालून आत या, ओली लाकडं आणून टाका, ठिणगी पडली तर मातीत पडते.

आता मूळ टिपीबद्दल सांगायलाच हवं, कारण ते वाचल्यावर मी डाव्या बाजूची उजव्या बाजूला आले. शब्द लाकोटा लोकांचा, अर्थ राहण्याची जागा. रानगव्यांची कातडी शिवून केलेला, पंधरा-वीस वाशांवर उभा राहणारा, वर धुराला वाट करून देणारे दोन कान असलेला तो तंबू. वारा फिरला की कान फिरवायचे. आतून कातड्याचं दुसरं अस्तर, म्हणजे थंड हवा भिंतीमागून वर चढते आणि धूर घेऊन निघून जाते. हे सगळं कापायचं, शिवायचं, उभं करायचं, मोडून पुढच्या मुक्कामाला न्यायचं काम बायकांचं. आणि म्हणून तंबूची मालकीही बाईची. हे मी जेवताना मोठ्याने सांगितलं. लेकीने भाकरीचा तुकडा मोडला आणि नवऱ्याकडे शांतपणे बघितलं.

पुढे सिब्ली नावाच्या एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने टिपी बघून वाशांच्या जागी एकच खांब ठेवला आणि 1856 मध्ये पेटंट घेतलं. सरकार दर तंबूमागे त्याला पाच डॉलर देणार होतं. मग यादवी युद्ध लागलं आणि हा गडी दक्षिणेच्या बाजूने गेला. उत्तरेच्या फौजा त्याच्याच तंबूत झोपून त्याच्याच बाजूशी लढल्या आणि पैसे बुडाले ते बुडालेच. आमच्याकडे भाऊबंदकीत आंबराईचं असंच होतं.

तर टिपी ठरली. चार माणसांची. तक्त्यात ‘माणसं’ असा रकाना होता, त्यात चार लिहिलं होतं, आणि आम्ही तिघं. मी कशी आले म्हणता? लेक आठवडाभर परगावी कॉन्फरन्सला जाणार, मला त्या गॅरेजचं दार उघडता येत नाही, आणि शिवाय मी कोल्हापूरची. आमच्या संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची. माझ्या आजोबांनी तो चित्ता बघितलेला. लांबून. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारच बंद झाली, नाहीतर मी कुठल्या कुठे असते. भाऊजी, म्हणजे पाटील, सोबत आले ते मला वाटतं निव्वळ काळजीपोटी.

शिकाऱ्याने अंगावर निदान 500 चौरस इंच भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी घालायचं, वर टोपीही तशीच, असा तिथे कायदा आहे. माणसाला एल्क समजून कुणी बार काढू नये म्हणून. मी हिशेब केला. एका नऊवारीत एकोणतीस शिकारी सहज निघतात. मी शिकारी नव्हते, तरी मलाही एक बंडी चढवली. आरशात मी महापालिकेची झाडूवाली दिसत होते, आणि माझ्या आयुष्यातला हा पहिला कपडा जो मी न निवडता घातला.

प्रवास सुंदर होता असं सगळे म्हणतात. मी आयसेनहॉवर बोगद्यात डोळे मिटले, कारण तो 3,400 मीटर उंचीवर आहे हे जावयाने आत शिरताना सांगितलं. ग्लेनवुड स्प्रिंग्जला गरम पाण्याचा प्रचंड तलाव लागतो, त्यात लोक डुंबत होते आणि आम्ही त्यांच्याकडे बघत थंडीकडे चाललो होतो. पुढे रायफल नावाचं गाव आहे. खरंच आहे. मग मीकर.

मीकरला चहा घेतला. ह्या खोऱ्यात यूट लोक राहायचे. 1879 मध्ये सरकारच्या एजंटाशी त्यांचं बिनसलं, एजंट मारला गेला, आणि दोनच वर्षांत त्या सगळ्यांना उचलून युटात नेऊन टाकलं. गाव मात्र एजंटाच्या नावाने. आणि आम्ही त्यांच्याच डोंगरात नायलॉनची टिपी घेऊन मौजेखातर थंडी खायला निघालेलो. मी एवढंच म्हटलं की हे मला पटत नाही. जावई म्हणाला, ‘‘आई, चहा गार होतोय.’’ चहाही काही पिण्यासारखा नव्हता.

पिकअप सोडून तीन किलोमीटर चढ. माझ्या पाठीवर भडंग होतं. भडंगाला वजन नसतं, हे मी जावयाच्या तक्त्यात आधीच भरून घेतलं होतं.

टिपी दहा मिनिटांत उभी राहिली आणि इतकी देखणी दिसली की मी फोटो काढला. तो ह्या सहलीचा शेवटचा आनंदी फोटो. मग शेगडी. टायटॅनियमचे पाच-सहा पत्रे, बोटाच्या पेराएवढ्या चाप्या, वजा बारा तापमान, आणि हातमोजे काढल्याशिवाय चापी फिरत नाही. धुराडं म्हणजे दोन-अडीच मीटर लांबीचा पातळ पत्रा, गुंडाळी करून आणलेला. तो उलगडायचा आणि आडवा होता तो उभा वळायचा. नवा पत्रा आपली जुनी गुंडाळी विसरत नाही. दोन टोकं धरली की मधला भाग फुगतो, मधला धरला की टोकं कानफटात मारतात. हे घरी एकदा करून बघा, पहिला जाळही घरीच करा म्हणजे पत्रा वळण धरतो, असं कागदावर लिहिलेलं होतं. कागद घरी होता. जावयाला मी एरवी ‘तुम्ही’ म्हणते. धुराडं तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा ‘तू’ वर आले. पाटील पत्र्यावर पालथे झोपले आणि त्यांच्या पोटाखाली आम्ही कड्या चढवल्या.

पेटली मात्र, आणि पाच मिनिटांत स्वेटर निघाले! मी पत्र्याच्या टपावर पिठलं टाकलं. पाटलांनी दोनदा घेतलं. पाऊण तासाने बोलता बोलता तोंडातून वाफ निघाली, तेव्हा कळलं की शेगडी विझलीय. एवढ्याशा डब्यात मनगटाएवढी चार लाकडं बसतात आणि तासाच्या आत त्यांची राख होते. सव्वा किलोची शेगडी निखारा धरत नाही. धरायला तिच्यात आहेच काय?

आणि चार माणसांच्या टिपीत शेगडी दोन माणसांची जागा खाते, हे तक्त्यात नव्हतं. शेगडीपासून सुरक्षित अंतर सोडलं की उरते ती कडेची, उतरत्या छपराखालची जागा. तिथे तिघांचे पाय कापडाला टेकलेले. त्या कापडातून वारा जात नाही तसा श्वासही जात नाही. तिघांच्या श्वासाचं, ओल्या बुटांचं, पिठल्याचं पाणी आतून त्याला चिकटून गोठलं आणि शेगडी पुन्हा पेटवली की वितळून ठिबकायला लागलं. जावयाच्या कानात पहिला थेंब पडला. ‘‘अस्तर वेगळं मिळतं,’’ तो अंधारात म्हणाला, ‘‘पण त्याचं वजन...’’

लाकोटा बायकांनी हा प्रश्न सोडवलेला होता, असं मी म्हटलं नाही. एकदाच म्हटलं.

मग धूर यायला लागला. इथे माझी चूक सुरू होते. बंब हा माझा विषय आहे. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, मधून धुराडं गेलेला, आणि माझ्या मते ही शेगडी म्हणजे पाणी नसलेला बंब. मी सांगितलं, वर काहीतरी अडकलंय. अडकलं होतंच. धुराड्याच्या टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी असते, ती काजळीने बुजली होती. हवेची झडप अर्धवट उघडी, लाकूड ओलं, त्यामुळे नुसताच धुमसता धूर. जावयाचं कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र केकाटायला लागलं. तंबूचं दार उघडावं लागलं आणि आमची शेगडी कोलोराडोच्या जंगलाला ऊब देऊ लागली. मी हुकूम सोडला: जाळी काढा. पाटील ‘नको’ म्हणाले. दिवसाच्या आठ शब्दांतला एक त्यांनी माझ्यावर खर्च केला आणि मी तो वाया घालवला.

जाळी निघाली, धूर गेला. मी खूश. बाहेर वाळक्या पाइनच्या झाडाखालचे राळेने चिकट झालेले शंकू मी संध्याकाळीच ओंजळ ओंजळ गोळा केलेले. ते कोंबले, हवेची झडप पुरी उघडली. शेगडी विमानासारखी घोंघावू लागली. धुराड्याचा खालचा हात-दीड हात लाल झाला, मग नारिंगी, 500 चौरस इंचांत मोजता येईल इतका. बाहेर दिवाळीतल्या झाडासारखा आवाज आला. तिघांनी वर बघितलं. छपरावर एक लहानसा लाल ठिपका उमटला, कडा मागे सरल्या, त्याचं भोक झालं. मग दुसरं. पाटलांनी झोपल्या झोपल्या मोजलं.

‘‘अकरा,’’ ते म्हणाले.

जावई काही बोलला नाही. नवीन तंबूला अकरा भोकं पाडलेल्या सासूशी बोलण्याची रीत कुठे शिकवत नाहीत. त्याने जाळी पुसून पुन्हा बसवली आणि पाठ फिरवून झोपला. मीही झोपेचं सोंग घेतलं. त्यात शेवटी खरंच डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊब होती. पाटील मांडी घालून शेगडीसमोर बसले होते, टोपीसकट. बोटाएवढी काटकी घ्यायची, दार कुरकुरू नये म्हणून उचलून उघडायचं, काटकी आत ठेवायची, टाकायची नाही, ठेवायची, आणि हळूच लावायचं. मी घड्याळ बघितलं, तीन वाजत होते. ते कधीपासून बसले होते कोण जाणे.

आमच्या घरी चार वाजता आई उठायची. माझा विषय बंब म्हणाले खरं, पण मी तो क्वचितच पेटवला. मी तो आवाज ऐकत अंथरुणात पडून राहायची. राख खरवडायचा, मग फुंकणीचा, मग ढलप्या रचायचा. सात माणसांचं पाणी. सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर उरेल त्या कोमट पाण्याने ती न्हायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मला कढत सोसत नाही. ती गेल्यावर मामा म्हणाले होते, एकखांबी तंबू होता हो. तेव्हा मला वाटलं, मामांना प्रसंगाला शोभेलसं काहीतरी बोलायचंय.

मी उठून पाटलांना खुणेने सांगितलं, निजा. त्यांनी माझ्याकडे, मग छपराकडे बघितलं. मी दोन्ही हात वर करून दाखवलं की शंकू नाहीत. ते हसले असावेत. टोपी डोळ्यांवर घेतली आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

तीन ते सहा मी एकेक काटकी ठेवत बसले. एकही ठिणगी उडाली नाही. लाकूड संपत आलं तेव्हा झोपलेल्यांना आच मिळेल अशी शेवटची भर घालून, बंडी चढवून मी काटक्या आणायला बाहेर पडले.

ते तंबूपासून चाळीस पावलांवर होते. सात माद्या आणि मागे तो, शिंगांवर बर्फ. आमच्या पिठल्याच्या वासाला जमले होते की काय देव जाणे. मी माझ्या नारिंगी बंडीत उभी आणि हातात एक काटकी. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. आत जावई असा झोपला होता की रात्रभर ठिबकलेला कान आता कोरडा होता, आणि भाऊजींचा डोळा लागून जेमतेम तीन तास झाले होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते सगळे वळले. शॉनी लोक ह्या प्राण्याला वापिती म्हणतात, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. आठही बघितली.

जावयाला हे सांगितलेलं नाही. दिवाळी अंक त्याच्याकडे मार्चमध्ये पोचतात.